अर्धं सूत

दारव्ह्याच्या एमआयडीसीत अकरा प्लॉट.
सात रिकामे, एकात बकऱ्या.
उरलेल्या तिनातलं एक शेड आमचं.
मिनी दाळमिल बनवतो, तीन एचपी, पाच एचपी.
आजवर सगळ्यात दूर गेलेली मशीन: किनवट.

मग टांझानियाहून फोन आला.
मला वाटलं विमेवाला. दोनदा कापला.
तिसऱ्यांदा श्रुतिकानं उचलला.
"बाबा, बाबाती नावाचं गाव आहे. तिथं तूर पिकते."
"तूर?"
"हो. म्बाझी म्हणतात ते तिला."

मामा हलीमा. साठ बायांची सोसायटी.
मधे तिचा भाचा राशिदी, पुण्यात शिकलेला,
हिंदी माझ्याइतकीच मोडकी.
व्हिडिओत तिनं दाणा दाढेखाली धरला,
कट्‌ आवाज ऐकला, मान हलवली,
जशी चंद्रभागाबाई हलवते आमच्या मार्केट यार्डात
बोली लागायच्या आधी.
मी भाव सांगायचाच विसरलो.

विचारलं, "लाइन जाते का?"
ती हसली. आठ बोटं दाखवली.
म्हटलं, मग डिझेल इंजिनाची पुली बसवून देतो,
आमच्याकडेही तेच चालते.

तिनं पाठवलेला पाच किलोचा नमुना
मुंबईच्या कस्टममध्ये अडकला, बहुतेक अजून तिथंच असेल.
तेव्हा राशिदीनं शाळेच्या फुटपट्टीवर
वीस दाणे ओळीनं मांडून फोटो पाठवला.
आपल्या तुरीपेक्षा भरलेले, पांढुरके.
मी आणि अशफाक फिटर, रात्री दहापर्यंत
त्या फोटोवर वाकून.
जाळी अर्धं सूत मोठी करायची.
एवढाच फरक निघाला दोन देशांत.

बँकेचा मॅनेजर म्हणाला, "डॉलर? इथं?"
फॉर्म यवतमाळहून आला,
यवतमाळनं तो नागपूरला विचारून भरला.
आगाऊ तीस टक्के पंधरा दिवस
कुठंतरी हवेत होते.
तेवढ्यात मी पत्रा उधारीवर उचलला
आणि बायकोला सांगितलं नाही.
तिला माहीत होतं.

भगवान सुतारानं बाभळीची पेटी केली, देखणी.
एजंट म्हणाला, चालत नाही,
लाकूड तापवून शिक्का मारलेलं पाहिजे,
किड्याला व्हिसा मिळत नाही.
भगवान दिवसभर बोलला नाही.
ती पेटी आता बकऱ्यांच्या प्लॉटात, कुटार ठेवायला.

पेंटरनं विचारलं, हॉपरवर काय लिहू?
आमचं नेहमीचं 'कास्तकार', मराठीत,
की त्यांच्या भाषेत काही?
हलीमाचा निरोप आला: तुमचंच राहू द्या,
बिघडली तर शिव्या कुणाला द्यायच्या
ते कळलं पाहिजे.

मशीन ट्रकवर चढली त्या दिवशी
टपरीवर अवधूत राऊत भेटला.
"काहून बे, तिकडची तूर येते म्हणून
आपला भाव पडते, अन् तू त्याहिलेच
मिल देऊन राह्यला? आता तूर येते,
उद्या दाय येईन. मंग?"
मी म्हटलं, "हे पाय, ते लोकं पण..."
आणि पुढं काही सुचलं नाही.
चहाचे पैसे मी दिले.
अजूनही सुचलेलं नाही. दुसरी ऑर्डर आली आहे,
तीन मशीन. ती मी घेतली आहे.

परवा पहाटे व्हॉइस नोट आली.
शब्द एकही नाही.
आधी इंजिन, मग पट्ट्याची फटफट,
मग रोलर धरतो तो आवाज, जाड, भरलेला,
मागं बायांचा गलका,
कुणीतरी कोंबडं हाकलतं.
तीनदा ऐकली. चौथ्यांदा अशफाकला ऐकवली.
त्यानं डोळे मिटले, कान पुढं केला.
"वरचं बेअरिंग," तो म्हणाला.
"हो," मी म्हणालो.

आणि राशिदीला लिहिलं,
मामाला सांग,
ग्रीस कमी पडलंय.