थोरै

शिरोलीच्या फाउंड्रीतली रात्रपाळी उरकून
तो थेट राजारामपुरीत आला, आठव्या गल्लीत.
बूट बाहेर, चपलांच्या रांगेत नीट जोडून,
केसांत अजून काळी वाळू
आणि डावा गाल लिंबाएवढा वर.

आक्काताईंनी रजिस्टर ओढलं. नाव?
'दलबहादुर पुन.'
'पुन्ना? आदी कवा आलतासा?'
'पुन,' तो म्हणाला.
'व्हय, पण कवा?'
शेवटी त्यांनी लिहून टाकलं: जुना पेशंट.

त्याची हिंदी कामापुरती,
भट्टी, सुट्टी, पगार, ओव्हरटाइम.
माझी कोल्हापुरातली,
म्हणजे मराठीच, शेवटी 'है' टेकवलेली.
'किधर दुखता है?'
त्या एका शब्दाशी त्यानं मान वर केली,
गर्दीत गाववाला दिसावा तशी.
'दुख्छ,' म्हणाला, 'थोरै दुख्छ.'

थोर दुःख.
चोवीस वर्षं झाली या खुर्चीशेजारी उभा राहून.
तालमीतले गडी येतात, सुई बघून आईला हाक मारतात.
लई ठणकतंय, जीव जातोय, काढून टाका एकदाचं,
सगळं ऐकलंय.
पण दाढेला हात लावून असं कीर्तनात बोलल्यासारखं
कुणी बोललं नव्हतं.
केसपेपरवर 'तक्रार' पुढे मी लिहिलं: थोर.
आणि सुई नेहमीपेक्षा सावकाश टोचली.

गाल बधिर व्हायला दहा मिनिटं.
तेवढ्यात त्यानं फळीवरून
हेब्बाळे आजींचा प्लास्टरचा जबडा उचलला.
मी 'अहो' म्हणेपर्यंत
अंगठा हिरडीवरून फिरवला, कडा तपासली,
उजेडात धरला, आणि तिसऱ्या दाताच्या बुडाशी
एक बुडबुडा मला दाखवला.
मान हलवली. 'ब्लोहोल.'
सुजलेल्या तोंडानं, पण स्पष्ट.
रिजेक्ट माल बाजूला ठेवतात तसा
त्यानं तो बाजूला ठेवला.

दाढ निघाली. मुळाशी पू,
एक्स-रेत हाडापर्यंत काळं.
दोनेक महिन्यांचं तरी असावं.
पूर्ण वेळ त्यानं खुर्चीचा हात धरला नाही,
स्वतःचंच मनगट धरलं.

मग सूचनांचा खेळ.
कापूस चावून धर, हे मी स्वतः कापूस चावून दाखवलं.
थुंकू नको: आक्काताईंनी थुंकून दाखवलं
आणि बोट हलवलं.
तिखट नको, रस्सा नको,
गंगावेशीत जा, दूध पी, थंड.
दूध कळलं. थंडही कळलं.
'उद्या या.'
'भोलि?'
'भोळी कोन?' आक्काताई कमरेवर हात ठेवून उभ्या.
त्याला हसू आलं, हसताना कापूस पडला,
पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सोबत खेम नावाचा पोरगा,
चार वर्षं शिरोलीत, बोली पार इथली.
मी म्हणालो, काल यांनी 'थोर दुःख' म्हटलं, चांगलं लक्षात राहिलं.
पोरगा खो खो हसला.
'थोरै म्हंजे जरासं ओ डॉक्टर!
जरासं दुखतंय म्हनला त्यो.'
दलबहादुर जमिनीकडे बघत होता,
चोरी सापडल्यासारखा.

मी केसपेपर काढला, खोडायला पेन उघडलं.
एक्स-रे समोरच लटकत होता.
पेन बंद केलं.

टाके बघितले, सूज उतरली होती.
दोघं गेल्यावर
वाटीत प्लास्टर भिजवलं
आणि हेब्बाळे आजींचा जबडा
नव्यानं ओतायला घेतला.