जोड

डॉक्टरांनी सांगितलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत.
सहा महिने. बरे गेले तर आठ.
कॅलेंडर औषधाच्या कंपनीचं,
त्यावर बर्फाचे डोंगर, एकही माणूस नाही.
मी विचारलो, "म्हणजे जोतिबाच्या यात्रेपर्यंत?"
डॉक्टर पुण्याचे.
आधी बाईमाणसाच्या 'विचारलो'वर अडखळले,
मग यात्रेवर.

घरी येऊन वाटायला बसलो.
टोपपदरी इरकल थोरल्या जावेला.
साज तिच्या लेकीला, एक पान वाकडं आहे हे सांगून.
शिलाई मशीन भिंतीपलीकडच्या रुक्सानाभाभीला,
तेलाच्या बुधलीसकट.
आणि चटणीचं माप, जे सासूनं मरताना दिलेलं,
ते सुनेला.
"खोबरं करपतंय असं वाटंपर्यंत भाज. भ्यायचं नाही."
ती लिहिता लिहिता रडायला लागली.
म्हटलं, आधी लिही.

मग सगळं आखूड होत गेलं.
मीठ अर्धा किलो.
रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं.
टूथपेस्ट लहान.

चौथ्या सलाईननंतर तळपाय पेटायला लागले.
रबरी चप्पल सहन होईना.
पोरगा गाडीवर बसवून चप्पल लाईनीत घेऊन गेला,
डोक्याला रुमाल, वर हेल्मेट, आत टक्कल.
सातपुत्यानं कागद अंथरला,
पाय ठेवायला सांगितला,
पेन्सिल फिरवली बोटाबोटातनं.
इतक्या हळू मला कुणी
कुठल्या मशीनमध्येसुद्धा मोजलं नव्हतं.

"वहिनी, पंधरा दिवस चावंल. तेल पाजत ऱ्हावा.
सहा महिन्यांत तळव्याचा ठसा उमटतो.
मग ती तुमची. मग धा वर्सं बघायला नको."

तोच आकडा.
पण हा माणूस तो बोलताना
माझ्या पायाकडं बघत होता.
मी हसलो. पोराला वाटलं, औषध डोक्यात गेलं.

चप्पल चावली. अंगठ्याजवळ फोड आला,
आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा
मला दुसरं कायतरी दुखत होतं.
रोज रात्री करडईचं तेल, जुन्या परकराची चिंधी.
उद्या घालायची आहे म्हणूनच
कोणी चप्पल तेलात ठेवतं,
हे मला तेव्हा सुचलं नाही. नुसतं चोळत बसायचो.

यात्रा आली. गुलाल पायरीपर्यंत आला आणि गेला.
दिवाळी आली.
डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, उलटा धरला,
म्हणाले, "असं होतं कधी कधी."
एवढंच.
पेठेत म्हणतात, अंबाबाईनं राखलं.
राखलं असेल.
पण शेजारच्या खुर्चीतली कागलची बाई
माझ्यापेक्षा जास्त शुक्रवार धरायची.
तिचा डबा अजून माझ्याकडं आहे, स्टीलचा,
झाकणावर नाव कोरलेलं. त्यात मी काही भरत नाही.

आता तिसरं वर्ष.
दिलेलं परत मागता येत नाही.
काय म्हणून मागायचं? जगलो म्हणून?
भाच्याच्या लग्नात जाऊबाई इरकल नेसून आल्या,
मला बघून शाल ओढून घेतली.
म्हटलं, राहू द्या, तुम्हाला खुलते.
खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं.
रात्री भिंतीपलीकडं भाभीची मशीन चालते,
तिच्या आवाजावर मला झोप लागते.
सुनेची चटणी माझ्यापेक्षा चांगली होते.
हे मात्र अजून पचलेलं नाही.

दर तीन महिन्यांनी तपासणी.
दाराबाहेर चपलांचा ढीग,
कागलच्या, गडहिंग्लजच्या, निपाणीच्या,
काही पार नव्या, दुकानाचा कागदसुद्धा न काढलेल्या.
माझी मी न बघता शोधतो,
पायानंच: अंगठ्याचा खळगा, टाचेची झीज.

निघताना दारातनं म्हणतो, "येतो."
डॉक्टर मान वर करतात.
आता अडखळत नाहीत.