जनरल रजिस्टर

गुरुवारी समिती येणार.
प्राचार्य म्हणाले, रेकॉर्ड रूम लावून घ्या मॅडम,
वाळवी दिसता कामा नये.

पहिलं रजिस्टर तांबड्या बासनात.
विट्यातलं आमचं कॉलेज तेव्हा तंबाखूच्या वखारीत भरायचं;
पान उलटलं, शिंक आली,
आणि साल एकोणीसशे एकसष्ट.

सत्तावीस मुलं. वडिलांचा धंदा:
शेती, शेती, सुतारकी, शेती.
गुणाजी येसू ठोकळे, याच्यापुढचा शब्द
इतका खोडलाय की टाकाच्या टोकानं कागद फाटलाय.
वर, वेगळ्या अक्षरात: मजुरी.

पासष्टला शहाबी इलाही मुजावर, एकटी मुलगी.
तिच्या वेगळ्या बाकाची पावती टाचलीय, अकरा रुपये.

त्र्याहत्तरच्या हजेरीपटात आख्खा मार्च सगळे हजर.
दुष्काळाचं साल, आणि सगळे हजर!
शेऱ्यात मगदूम सरांचं तिरकं अक्षर:
'तास पाझर तलावाच्या कामावर, भाकरीच्या सुट्टीत घेतला.'
विषय तर्कशास्त्र.
सर्व माणसं मर्त्य आहेत, हे पहिलं विधान
खडीच्या ढिगावर बसून
कुणी वहीत उतरवलं असेल का?

मग पानोपानी एकच शेरा, गलाईला गेला.
सेलम, कानपूर, कोइमतूर.
परक्या मुलखात सोनं गाळून
पहिल्या वर्षाला नापास झालेल्यांनीच
या इमारतीला पैसे धाडले.
ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्यांची नावं आहेत,
पोरं त्यांवर बसून मोबाईल बघतात.

तत्त्वज्ञान विभाग बंद, विद्यार्थीसंख्या एक.
ती एक मी.
शेवटच्या तासापर्यंत सर सवयीनं
मला 'तुम्ही सगळे' म्हणायचे.
त्या खोलीत आता संगणक आहेत, आणि एसी.

गेल्या जूनमध्ये गुणाजींची नात आली होती,
जात पडताळणीसाठी उतारा हवा होता.
खोडलेला तोच शब्द आता सरकारला हवा.
आम्ही दोघींनी पान खिडकीशी धरलं.
मागच्या बाजूनं वाचता येत होता, उलटा.
तिनं वाचला. मग 'मजुरी'वर बोट ठेवून म्हणाली,
'हे आजोबांचं अक्षर हाय.
म्हंजे खोडलंय बी त्यांनीच.'
बराच वेळ तिनं बोट उचललं नाही.

वाळवीची रजिस्टरं मी मागच्या फळीवर सरकवलीत.
हे पुढं ठेवलंय, उघडं.
समितीनं विचारलं, तर सांगेन,
हे भोक वाळवीचं नव्हे.