दऱ्या, दर्या

रुवीच्या मागच्या गल्लीत, मनी एक्स्चेंजला लागून
आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टांची पत्रं.
गुरुवारी रात्री, शिबूनं डबा उघडला तेवढ्यात
निसार क्राल आला.
मत्रहच्या बाजारात शाली विकतो तो,
एका जुन्या ओमानी पेढीत, पगारावर.

प्रत्येक शालीच्या घडीत एक कार्ड ठेवायचं होतं त्याला.
वर अरबी, मध्ये इंग्रजी,
खाली त्याच्या भाषेत :
हे सूत माझ्या आईनं कातलं.

अरबी झाली. इंग्रजी शिबूनं डाव्या हातानं केली,
उजवा आमटीत होता.
तिसऱ्या ओळीत आई आली
आणि पडद्यावर उमटला चौकोन.
रिकामा. चारी बाजूंनी बंद.
खिडकी काढायची राहून गेलेल्या
लेबर कॅम्पातल्या खोलीसारखा.

मी फॉन्ट बदलला. चौकोन.
पुन्हा बदलला. प्रश्नचिन्ह.
सातव्यात अक्षर आलं,
पण शेजारच्या म-चा हात सोडून,
जत्रेत चुकलेल्या पोरासारखं, भलत्याच उंचीवर.
आणि ओळ सगळी ताठ, सपाट, वाळवंटाच्या तोंडवळ्याची.
‘आमचं असं उभं नसतं,’ निसार म्हणाला,
‘आमचं उतरत येतं.’ हातानं उतार दाखवला.

मग एका रद्द अर्जाच्या पाठीवर त्यानं काढलं :
उभी रेघ, साधा अलिफ,
आणि त्याच्या डोक्यावर एक वळवळ, अळीएवढी.
‘म्हणून बघा.’
माज, मी म्हटलं. नाही.
मोज. नाही.
मॅज. तो हसला, शिबूही हसला.
मग आपण फोन ठेवता ठेवता
‘बरंऽ’ म्हणतो ना,
त्यातला शेवटचा अ मी तोंडातच लांबवला :
मऽज.

‘हां,’ तो म्हणाला.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं, ते ऐकू आलं.

मी तेच देवनागरीत लिहून दाखवलं, अवग्रह घालून.
तो वाकून बघत राहिला.
‘आमच्या शेजारचे मास्तर असंच लिहायचे, तुमच्या अक्षरांत.
गेले ते.’
कुठं गेले, मी विचारलं नाही.

इचलकरंजीत डीटीपी करायचो तेव्हाची गोष्ट.
गिर्यारोहण मंडळाची स्मरणिका,
मुखपृष्ठावर ‘सह्याद्रीच्या दऱ्या’.
आमच्या त्या फॉन्टात कोरीसारखा अर्धा र नव्हता,
होता तो डोक्यावर चढणारा रफार.
पाचशे प्रतींत दऱ्यांचा दर्या झाला,
कड्याखाली समुद्र भरला.
भोजे सरांनी पैसे दिले नाहीत, बोललेही नाहीत,
फक्त एक प्रत हातात ठेवली
आणि म्हणाले, पोहायला येतं का?

पुढं दर्याच मिळाला मला.
दर्या लिहायला आता काही अडत नाही,
दऱ्याही नीट उमटतात. कुणीतरी कुठंतरी बसून
तो अर्धा र करून ठेवला,
त्याचं नाव मला माहीत नाही.

दहाला शटर अर्धं ओढलं.
शेवटी साधा अलिफ घालून दोनशे कार्डं काढली,
आणि बारीक पेनानं, एकेक करून,
वळवळ हातानं काढायची असं ठरलं.
शिबू बसला, मी बसलो.
माझी चौदा झाली तेव्हा निसारनं एक उचलून दिव्याखाली धरलं.
‘तुमची लाट होतेय.
ही लाट नव्हे.’

मग काय आहे ती?

त्यानं पेनाला टोपण लावलं, विचारात पडला.
‘आईला विचारतो,’ म्हणाला.
मग फोन तसाच खिशात ठेवला.
‘तिला लिहितावाचता येत नाही.’