अडीच ताके

पोळेच्या तोंडाशी रतिलाल दरजीच्या दुकानात
अडीच ताके निळं कापड पडून आहे.
गणवेशाचं.
जूनमध्ये शाळा उघडलीच नाही.
फाटकाला महापालिकेचा कागद:
पटसंख्या सात, वर्ग अन्यत्र सामावून घेतले आहेत.
कागद गुजरातीत.
वरची पाटी मराठीत, तिच्यातला 'ळ' आधीच गळालेला.

स्कूटरी आता या वळणावर हळू होत नाहीत.
बोरं-आमली विकणारी शारदाबेन
मंगळ बाजारात गेली, तिथे म्हणे पोरं बोरं खात नाहीत.
गुप्तेबाईंना गोरव्याच्या शाळेत चित्रकला दिली,
चित्राला भाषा लागत नाही म्हणून.

हे सगळं चालून गेलं असतं.
पण श्रावणात साळुंख्यांचे अण्णा गेले
आणि बसायला काही नव्हतं.
लग्न असो, बारसं असो, दहावं असो,
सतरंज्या शाळेच्या यायच्या.
चावी वसावाकडे, नोंद कुठेच नाही,
तरी अकराच्या अकरा परत जायच्या,
कधी एखादीवर हळदीचा डाग.
त्या दिवशी लोक उभे राहिले.
उभी माणसं फार बोलत नाहीत.
पावणेपाचला गल्ली रिकामी झाली,
अण्णांच्या मुलाच्या हातात चहाचे चाळीस कप तसेच.

शाळा वाचवा म्हणून अर्ज निघाला
तेव्हा पहिली सही माझी होती.
माझी मुलगी
सकाळी सात दहाच्या पिवळ्या बसने जाते,
निजामपुऱ्याच्या पलीकडे, इंग्रजीत.
अर्जावर एकशे बारा सह्या.
पटावर सात.
हे गणित मला चौथीतच शिकवलं होतं,
याच इमारतीत.

काल रतिलालकडे गेलो.
त्याने जुनी मापांची वही काढली,
थुंकी लावून पान उलटलं:
अठ्ठ्याऐंशी. शिर्के. कंबर एकवीस.
मग सवयीने फीत माझ्याभोवती फिरवली
आणि आकडा मोठ्याने म्हणाला नाही.

म्हटलं, हे सगळं कापड जोडून दे.
दुहेरी, आत गोणपाट घाल.
"शुं बनाववुं छे?"
बसायला काहीतरी, म्हटलं. पोळेसाठी.

त्याने ताका उलगडला.
निळं दुकानाबाहेर, पायरीवरून खाली,
थेट गटाराच्या झाकणापर्यंत गेलं.
"केटला माणस बेसशे?"
विचारून तो खडू हातात धरून थांबला,
मी आकडा सांगेपर्यंत.