पत्ता अपुरा

तेहतीस वर्षं गावं माझ्या बोटांतून गेली.
बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी,
चार चार चार, मग पुढचे तीन आकडे,
लाकडी खणांत, रात्रपाळीला, पिवळ्या बल्बखाली.
एकाही गावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

निवृत्त झालो तेव्हा पुतण्याची गिअरवाली सायकल मागून घेतली.
तिच्या हँडलमध्ये कोळी राहायला आला होता.
आता दर रविवारी पाचला मी अकोल्याबाहेर.
बायको म्हणते, "या वयात काहून पण, बाप्पा?"
आणि डब्यात दोनाच्या जागी चार पोळ्या घालते.

बाळापूरला नदीकाठी काळ्या दगडाची छत्री.
खाली पाणी कमी, म्हशी जास्त.
एक पोट्टा खांबाला टेकून मोबाईलवर मॅच पाहत होता.
"किती जुनी आहे रे ही?"
"मी जल्मलो तवापासून हायेच," म्हणाला
आणि ओव्हरकडे वळला.

पातूरच्या लेण्यात शिरताना हेल्मेट काढायचं राहिलं,
वरच्या दगडानं डोक्यावर टकटक केली,
कोण, म्हणून.

बार्शीटाकळीत देवळाच्या भिंतीवर दगडी बाया.
एकीच्या कोपरावरून मुंग्या चालल्या होत्या
शिस्तीत, रजिस्टर टपालासारख्या.
मी डबा तिथंच सोडला.

पिंपळखुटा मात्र मी शोधायला निघालो होतो.

पिंपळखुटे किती तरी. सॉर्टिंगवाल्याची डोकेदुखी.
एकदा पोस्टकार्ड आलं, सुरतचा शिक्का:
यमुनाबाई अंभोरे, गढीचा पिंपळखुटा, निंबाजवळ.
तालुका नाही, पिन नाही.
कार्ड उघडंच असतं, डोळे आपोआप जातात:
माय, मी बरा हाय. निंबाले झोका बांधू नको,
दक्षिणेकडची फांदी किडली हाय.
मी लाल पेन्सिलीनं लिहिलं: पत्ता अपुरा.
परत.
पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. तीच फांदी.
पुन्हा परत.

डिसेंबर. दोन्ही बाजूंना तूर,
वेचून राहिलेली कपाशी, टायरखाली पऱ्हाट्या.
तीन पिंपळखुटे झाले, गढी एकातही नाही,
एकात पाण्याची टाकी होती, तिलाच गढी म्हणून दाखवली.
चौथ्याच्या अलीकडे वळणावर
पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा वर आला,
त्यावर बोरी, एक बकरी, अर्धा बुरूज.
आणि त्याच्या मागे,
कुणालाही विचारायची गरज नव्हती इतका मोठा,
निंब.

दक्षिणेकडे फांदी नव्हती.
जिथून तुटली तिथं साल गोल फिरून
ओठ मिटल्यासारखी मिटली होती.

पारावरचे म्हातारे म्हणाले,
"यमुनाबाई? ते गेली नं भाऊ, झाले आठ वर्स.
पोट्टा आला परत. तो काय, ट्रॅक्टरखाली."

ट्रॅक्टरखालून दोन पाय, मग ग्रीसचे हात, मग पन्नाशीचा चेहरा.
माझ्या मागच्या चाकाकडे पाहून म्हणाला,
"बाभूळ खाल्ली तुमच्या गाडीनं."
घमेल्यात पाणी आणलं, ट्यूब बुडवली,
बुडबुड्यावर अंगठा ठेवून थांबला.
"पत्रं लिहायचास का रे सुरतेहून?" मी विचारलं.
"लिहाचो नं. पोचत नोती.
आमचं गावच आडमार्गी."

मी मान हलवली.
पत्ता पुरा होता.
गढी, निंब, आणि खाली राहणारी बाई,
याहून पुरा पत्ता मी नंतरही पाहिला नाही.

पैसे घेईना. उकळून काळा झालेला चहा दिला.
"इकडं कोनी येत नाही. रस्ता कोनी सांगतला तुमाले?"
तूच, बावीस वर्षांपूर्वी, निळ्या शाईत.
हे तोंडाशी आलं,
आणि मी पंप मागितला.

परतीला समोरून वारं, अकोला अठ्ठावीस.
दर दोन किलोमीटरला उतरून मी टायर दाबून पाहिला.
ठिगळ धरून होतं.