पातळी

मीटिंग अकराची होती, ती दोनची झाली,
दोनची साडेतीन.
"बसा ना मॅडम, चहा सांगतो," म्हणत
खरेदीचे दाणीसाहेब शॉपफ्लोरवर गेले ते गेलेच.
अंबडच्या त्या थंडगार खोलीत
मी, माझी नमुन्यांची बॅग,
आणि काचेपलीकडे पांडवलेणीचा डोंगर,
तासून ठेवल्यासारखा तिकोनी.
पायऱ्यांवर एक लाल ठिपका चढत होता.
मी चहा संपेपर्यंत त्याच्याबरोबर चढले.

लेकीनं निघताना यादी दिली होती:
लेणी, धबधबा, नाण्यांचं संग्रहालय,
'आणि आई, द्राक्षाचा मळा तरी बघच.'
घड्याळ बघत एकेक नाव खोडत गेले,
कोटेशनमध्ये सूट देता देता
शेवटी वाहतूक खर्च तेवढा उरतो
तसं.

साडेपाचला सुटले. ऑर्डरचं "कळवतो."
सांगलीची बस आठची, द्वारकेवरून.
गेटबाहेर एकच रिक्षा. बेंडकुळे.
विचारलं, दोन तासांत काय काय होईल?
त्यानं आरशातून माझी बॅग जोखली.
"दोन तासात नाशिक होत नाही, ताई.
गंगा होते."

बुधवार होता. घाटावर बाजार भरलेला:
मेथीच्या जुड्या, प्लास्टिकचे टब, सुऱ्यांना धार,
एक बाई नव्या कढया उलट्या वाजवून विकत होती.
त्या गर्दीतून एक ओलं कुटुंब वाट काढत होतं,
मुंडण केलेला मुलगा मागे राहून
चायनीजच्या गाडीकडे बघत.
मी रामकुंडाला लांबूनच हात जोडले,
बूट काढायला वेळ नव्हता.

"हा बघा," बेंडकुळे म्हणाला, "आमचा दुतोंड्या."
शेंदरी, दोन तोंडांचा, उघड्यावर उभा मारुती.
पायाशी कुणीतरी कोथिंबीर विकत होतं.
"पावसाळ्यात याच्याकडेच बघतो आम्ही.
गुडघ्याला पाणी आलं की टपऱ्या हलवायच्या.
कमरेला आलं की दुकानं.
छातीला आलं, की मग
बायकापोरं भावाकडे, सिडकोत."
"आणि डोक्यावरून गेलं की?"
"मग काय बघायचं? मग तोच दिसत नाही."

हसू आलं मला.
सकाळपासून बॅगेत घेऊन हिंडत होते:
पातळीमापक, चार ते वीस मिलिअँपिअर,
अचूकता अर्धा टक्का, दोन वर्षांची हमी.
त्याला ना वायर, ना कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट,
आणि अख्खं शहर त्याच्यावर भरवसा ठेवून.
मी शेजारी उभी राहिले. माझं डोकं
त्याच्या कमरेलाही पोचेना.
म्हणजे दुकानं हलवायच्या आधीच मी बुडालेली.

आमच्याकडे पुलावर फुटांचे आकडे असतात.
चाळीसनंतर कुणी झोपत नाही.
आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर
पेन्सिलीनं लेकीची उंची, दर वाढदिवसाला;
मध्येच एक तपकिरी रेघ,
ती कुणी काढली नाही, नदी काढून गेली.
त्या वर्षी लेक रेघेच्या दोन वीत खाली होती.
मागच्या मार्चमध्ये वर गेली.
आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही.
मी फक्त शिरा केला.

बेंडकुळेला हे सांगितलं नाही.
त्यानं विचारलं, फोटो काढू का?
काढला. मारुतीचं एकच तोंड आलंय,
माझे डोळे मिटलेले.
मग पाव किलो चिवडा, अर्धा किलो मनुका,
द्वारकेच्या सिग्नलला जीव टांगणीला,
आणि पुढे निघालेल्या बसला
रिक्षा आडवी घालून: "थांब रे, सांगलीच्या ताई!"

सिन्नरच्या पुढे कुठंतरी
मोबाइलच्या उजेडात प्रवासखर्च लिहिला.
रिक्षा, अंबड ते द्वारका: तीनशे साठ.
आता हा एवढा वळसा कशासाठी,
हिशेबाचे आवटी विचारणारच.
कारणाच्या रकान्यात थोडा वेळ पेन अडलं.
मग लिहिलं: साइट व्हिजिट.
कंसात: पातळीची पाहणी,
स्थानिक यंत्रणा चालू स्थितीत.